तापाच्या केसपेपरापासून डेंग्यूच्या कोडपर्यंत

ग्रामीण रुग्णालयात नोंदीच्या टेबलावर नव्याने बसलेल्या पोरापोरींसाठी हे लिहितो आहे. कुणी कंत्राटी डाटा एंट्री ऑपरेटर म्हणून आलेलं असतं, कुणी नागपुरात मेडिकल कोडिंगचा क्लास करून, कुणी वॉर्डातून बदली होऊन. सोयाबीन शेंगांवर आलं की आपल्याकडे ओपीडीची रांग व्हरांड्याबाहेर जाते आणि बहुतेक केसपेपरांवर पहिला शब्द एकच असतो: ताप. या तापाचा कागदावर डेंग्यू केव्हा आणि कशाच्या आधारावर होतो, ते समजलं की कोड, म्हणजे आजाराचा ठरलेला क्रमांक, टाकायला दोन मिनिटं पुरतात. नवा माणूस नेमकं उलटं करतो. आधी कोड शोधतो आणि मग त्याला आधार सापडतो का म्हणून कागद चाळत बसतो.

आधी तापाची तारीख

केसपेपर हातात आला की सगळ्यात आधी ताप सुरू झाल्याची तारीख शोधा. डेंग्यूच्या सगळ्या नोंदी या एका तारखेवर उभ्या असतात. पहिल्या पाच दिवसांत रक्तात विषाणूचं एनएस-१ हे प्रथिन सापडतं. पाचव्या दिवसानंतर आयजीएम प्रतिपिंडं, म्हणजे ताज्या संसर्गाविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रथिनं, सापडू लागतात. तारीखच चुकली तर कोणती तपासणी योग्य होती, निगेटिव्ह आलेल्या रिपोर्टवर विश्वास ठेवायचा की नाही, काहीच सांगता येत नाही. दुसऱ्या दिवशी केलेली आयजीएम निगेटिव्ह आली म्हणून डेंग्यू नाही असं कुणी म्हणू नये, पण तारीख नसेल तर तसंच वाचलं जातं.

केसपेपरवर बहुधा ‘४ रोजपासून ताप’ एवढंच असतं. हे चार रोज कोणत्या दिवसापासून मोजायचे? ओपीडीत १० तारखेला लिहिलेलं ‘४ रोज’ भरतीच्या कागदावर १२ तारखेला तसंच उतरतं आणि डिस्चार्ज कार्डावर १७ तारखेलाही चारच रोज असतात. म्हणून रोज लिहू नका, तारीख लिहा. ओपीडीच्या कागदावरून मागे मोजा आणि शंका आली तर खाटेजवळ जाऊन विचारा.

विचारल्यावर तारीख मिळेलच असं नाही, सण मिळतो. ‘मावशी, ताप कधीपासून?’ ‘पोया झाला न, त्याच्या दुसऱ्या रोजी. पोट्टे लाकडाचे बैल घेऊन फिरून राह्यले होते अन् मले थंडी वाजून आली.’ म्हणजे तान्हा पोळा. माझ्या टेबलाजवळ भिंतीवर कॅलेंडर टांगलेलं आहे. त्यावर पोळा, महालक्ष्म्या, गणपतीचं विसर्जन, घट, दसरा, कोजागिरी या दिवसांना मी जूनमध्येच लाल गोल करून ठेवतो. आसपासच्या गावांचे आठवडी बाजारही पेनाने लिहिलेले आहेत.

बाजाराचे वार का, ते सांगतो. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एका रुग्णालयात ताप सुरू झाल्याच्या रकान्यात नोंदणीचीच तारीख टाकत होतो. संगणक ती आपोआप दाखवायचा, मी ‘ओके’ करायचो. एका गावाचे सहा जण एकाच दिवशी आजारी पडल्यासारखे दिसले. तालुक्याहून पथक गेलं, घरोघरी भांडी तपासली, आणि निघालं काय, तर ताप दोन आठवड्यांत मागेपुढे आलेला होता. आमच्याकडे बाजाराचा दिवस होता, लोक भाजीपाला घ्यायला आले तसे दवाखान्यातही दाखवून गेले होते. त्या दिवशी मला जे ऐकावं लागलं ते इथे लिहीत नाही. पण तेव्हापासून नोंदणीची तारीख आणि तापाची तारीख एकच दिसली की मी थांबतो.

पत्ता आधारचा की मुक्कामाचा

आजार ज्या गावात झाला ते गाव नोंदीत यायला हवं, कारण फवारणी आणि भांड्यांची तपासणी तिथेच होते. महालक्ष्म्यांसाठी माहेरी आलेल्या बाईच्या आधार कार्डावर सासरचं गाव असतं. पुण्याहून सुट्टीत आलेल्या पोराच्या कार्डावर आपलंच गाव असतं, पण डास त्याला तिकडे चावलेला असतो. म्हणून एक प्रश्न सगळ्यांना विचारायचाच: ताप येण्याआधीचे दोन आठवडे कुठे होता? डास चावल्यापासून ताप यायला साधारण ४ ते १० दिवस लागतात, त्याच्या मागेपुढे थोडी जागा सोडली की दोन आठवडे होतात.

गावाचं नाव लिहिताना खुर्द की बुद्रुक, तालुका कोणता, प्राथमिक आरोग्य केंद्र कोणतं, हे तिन्ही हवं. एका नावाची गावं आपल्याकडे किती, ते एसटीच्या पाट्या वाचणाऱ्याला सांगायला नको.

‘पॉझिटिव्ह’ म्हणजे कशात पॉझिटिव्ह?

रुग्णाच्या हातात खासगी लॅबचा रिपोर्ट असतो. त्यावर ‘डेंग्यू पॉझिटिव्ह’ असा ठसठशीत शिक्का. तो बघून थांबू नका, खाली पद्धत कोणती लिहिली आहे ते वाचा. पट्टीवरची झटपट तपासणी असेल, तर कीटकजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमाच्या व्याख्येनुसार तो रुग्ण ‘संभाव्य’ धरला जातो. एलायझा या प्रयोगशाळेतल्या पद्धतीने एनएस-१ किंवा आयजीएम पॉझिटिव्ह आला, किंवा पीसीआरमध्ये, म्हणजे विषाणूचा जनुकीय अंश शोधणाऱ्या तपासणीत, विषाणू सापडला, तर ‘निश्चित’. डेंग्यूच्या तपासणीसाठी नेमलेल्या सरकारी सेंटिनल प्रयोगशाळांत आयजीएमसाठी मॅक-एलायझा हा एलायझाचा प्रकार वापरतात, त्याचे किट पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेकडून येतात.

नुसता आयजीजी, म्हणजे प्रतिपिंडांचा दुसरा प्रकार, पॉझिटिव्ह असेल तर तो जुन्या संसर्गाचाही असू शकतो. पट्टीवर तीन रेघा असतात आणि शिक्का एकच, त्यामुळे कोणती रेघ उमटली ते रिपोर्टातून शोधून नोंदीत लिहा. ‘एनएस-१ पॉझिटिव्ह, झटपट पट्टी, नमुना ११ सप्टेंबर’ इतकी ओळ असली की पुढच्या माणसाला काही विचारावं लागत नाही. नमुना घेतल्याची तारीख आणि रिपोर्टची तारीख वेगळ्या असतात, आपल्याला हवी ती नमुन्याची.

पांढऱ्या पेशींचा घोळ

आपल्याकडे प्लेटलेटला सर्रास ‘पांढऱ्या पेशी’ म्हणतात. रुग्ण म्हणतो, नातेवाईक म्हणतात, काही दवाखान्यांत कंपाउंडरही म्हणतो. ‘पांढऱ्या पेशी वीस हजारावर आल्या म्हणे’ हे ऐकून कुणी इतिहासाच्या रकान्यात पांढऱ्या पेशी कमी असं लिहून टाकतं. पांढऱ्या पेशी वेगळ्या, त्या संसर्गाशी लढतात. प्लेटलेट म्हणजे बिंबिका, रक्त गोठवणाऱ्या. डेंग्यूत दोन्ही कमी होऊ शकतात, म्हणून तर घोळ जास्त. तोंडी ऐकलेला आकडा कधीच लिहू नका, सीबीसीचा, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचा, कागद मागा.

कागदावरही एक खड्डा आहे. एका मशीनवर प्लेटलेट १.१ लाख अशा छापून येतात, दुसऱ्यावर ११०, तिसऱ्यावर १,१०,०००. तिन्ही एकच. पण पहिल्या कागदावरचा ‘लाख’ उतरवताना गळला की १.१ राहतो. मी एकाच पद्धतीने, पूर्ण शून्यांसकट लिहितो. त्याच कागदावर हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींचं शेकडा प्रमाण, हाही असतो, तोही रोजचा रोज उतरवा. सगळं घर प्लेटलेटच्या आकड्याकडे डोळे लावून बसलेलं असतं, पण रक्तातलं पाणी झिरपून बाहेर जातंय का ते हिमॅटोक्रिट सांगतो.

आता कोड

आयसीडी-१० म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेची आजारांच्या कोडची यादी, तिच्यात डेंग्यू ए९७ या गटात आहे. इथे मी देवनागरीत लिहितो आहे, संगणकावर अर्थातच रोमन अक्षर टाकायचं. धोक्याची लक्षणं नसलेला डेंग्यू ए९७.०, धोक्याची लक्षणं असलेला ए९७.१, गंभीर डेंग्यू ए९७.२ आणि प्रकार लिहिलेलाच नसेल तर ए९७.९.

जुन्या रजिस्टरांत ए९० आणि ए९१ दिसतील. पूर्वी साधा डेंग्यू ताप आणि रक्तस्रावी डेंग्यू अशी विभागणी होती. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये वर्गीकरण बदललं आणि पुढे आयसीडी-१० मध्येही ए९७ आला. क्लास करून आलेल्यांच्या वहीत मात्र हमखास ए९० असतो, कारण तिथलं शिक्षण अमेरिकी बिलिंगसाठीच्या आवृत्तीवर चालतं. ते कोड तिकडच्या कामाला, इथे नको. आयसीडी-११ जगभरात १ जानेवारी २०२२ पासून अमलात आलं आहे, त्यात हेच प्रकार १डी२०, १डी२१, १डी२२ आणि प्रकार न लिहिलेला १डी२झेड असे आहेत. तुमच्या प्रणालीत कोणती आवृत्ती आहे ते पहिल्याच दिवशी विचारून घ्या आणि दोन्हींची खिचडी करू नका.

धोक्याची लक्षणं पाठच हवीत: पोटात दुखणं किंवा दाबल्यावर दुखणं, सतत उलट्या, पोटात वा छातीत पाणी साठणं, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, सुस्ती किंवा बेचैनी, यकृत दोन सेंटिमीटरहून जास्त वाढणं, आणि प्लेटलेट झपाट्याने उतरत असताना हिमॅटोक्रिट चढणं. गंभीर डेंग्यू म्हणजे पाणी झिरपून शॉक बसणं किंवा श्वासाला त्रास, मोठा रक्तस्राव, किंवा यकृत, मेंदू, हृदय अशा अवयवाला जबर इजा. यकृताच्या एसजीओटी किंवा एसजीपीटीचा आकडा १००० किंवा त्यावर गेला तरी तो गंभीरच.

इथे एक नीट समजून घ्या. प्लेटलेट २५ हजार आहेत म्हणून डेंग्यू आपोआप गंभीर होत नाही. आणि लक्षणं पाठ असली तरी ती बघून प्रकार ठरवायचा अधिकार आपल्याला नाही. पाठांतर कशासाठी, तर कागदात ती दिसली आणि निदानात नाही दिसली, की डॉक्टरांकडे जायचं कळावं म्हणून.

एक केसपेपर शेवटपर्यंत

समजा, ३४ वर्षांची बाई १२ सप्टेंबरला भरती झाली. ओपीडीच्या कागदावरून मोजलं तर ताप ८ तारखेपासून. ११ ला खासगी लॅबमध्ये पट्टीवर एनएस-१ पॉझिटिव्ह. भरतीच्या दिवशी प्लेटलेट १,१०,००० आणि हिमॅटोक्रिट ३६. १४ तारखेला प्लेटलेट ४८,००० आणि हिमॅटोक्रिट ४४. १७ ला सुटी. डिस्चार्ज कार्डावर निदान: ‘डी.एफ. विथ थ्रोम्बोसायटोपेनिया’, म्हणजे डेंग्यू ताप आणि प्लेटलेट कमी.

एवढ्यावर कोड टाकायचा तर ए९७.९ आणि सोबत, डॉक्टरांनी शब्दात लिहिलं आहे म्हणून, प्लेटलेट कमी असल्याचा डी६९.६. पण आता नर्सिंग नोट्स उघडा. १४ च्या रात्रपाळीत सिस्टरांनी लिहिलंय: ‘पेशंट पोटात दुखते म्हणते. उलटी ४ वेळा. एमओ सरांना कळवले.’ एमओ म्हणजे वैद्यकीय अधिकारी. शेजारी हिमॅटोक्रिटचा हिशेब करा. ३६ चा ४४ म्हणजे बावीस टक्क्यांनी वाढला. ही बाई ए९७.९ नाही हे तुम्हाला दिसतंय, तरी तुम्ही ए९७.१ टाकायचा नाही.

फाइल घेऊन जा. ‘सर, वॉर्निंग साइन्स लिहून द्या’ असं म्हणू नका, ते त्यांच्या तोंडी शब्द घालणं झालं. ‘सर, १४ तारखेच्या नोट्समध्ये पोटदुखी आणि उलट्या आहेत, निदानात डेंग्यूचा प्रकार लिहायचा राहिला का?’ असं विचारा. बहुतेक डॉक्टर फाइल बघतात आणि जागेवरच लिहितात. जुनी ओळ एका सरळ रेघेने खोडायची, खाली वाचता आली पाहिजे, बाजूला नवी ओळ, सही, तारीख. व्हाइटनर लावलेला कागद विम्याच्या दाव्यातही चालत नाही आणि मेडिकोलीगलमध्ये, म्हणजे पोलीस-कोर्टाच्या प्रकरणात, तर तो आपल्यावरच उलटतो. डॉक्टरांनी ‘डेंग्यू विथ वॉर्निंग साइन्स’ लिहिलं की ए९७.१. नाही लिहिलं तर ए९७.९ राहू द्या. कधी कधी कुणी तिसराच येऊन सांगतो की सरकारी विमा योजनेच्या खर्चाचं पॅकेज बसावं म्हणून जरा वरचा प्रकार टाक. कागदात नसलेलं टाकू नका, फाइलवर नाव तुमचं लागतं. योजनेच्या पॅकेजचे कोड आणि आयसीडीचे कोड या वेगळ्या गोष्टी आहेत, एकावरून दुसरा ओढून आणायचा नसतो.

याच बाईचा एलायझासाठीचा नमुना १३ तारखेला गेला होता. व्हॅक्सिन कॅरिअरमधून, म्हणजे बर्फाच्या पेटीतून, सोबतच्या फॉर्मवर ताप आल्याची तारीख लिहून. रिपोर्ट आला १९ ला, बाई घरी जाऊन दोन दिवस झाल्यावर. असे मागून आलेले रिपोर्ट लॅबच्या खिडकीत टाचणीला लटकून राहतात. आठवड्यातून एकदा ते गोळा करायचे, आयपीडी, म्हणजे भरतीचा, नंबर जुळवून फाइलीत लावायचे आणि रोग सर्वेक्षणाच्या पोर्टलवरची नोंद ‘संभाव्य’वरून ‘निश्चित’ झाली का ते बघायचं.

ही बाई गरोदर असती तर ए९७.१ एकटा गेला नसता, आधी ओ९८.५ लागला असता. बायकांच्या वॉर्डातून आलेल्या प्रत्येक फाइलीत हे तपासा, कारण ताप-वॉर्डाच्या कागदावर गरोदरपणाची ओळ दुसऱ्या पानावर कोपऱ्यात असते.

रिपोर्ट नाही, शंका आहे

‘सस्पेक्टेड डेंग्यू’ असं लिहून रुग्ण घरी गेला आणि रिपोर्ट आलाच नाही, तर काय? आधी डॉक्टरांना विचारा. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-१० चा नियम असा की सुटीच्या वेळीही निदान शंकेतच असेल आणि दुसरी काही माहिती नसेल, तर ते झालेलंच धरून कोड लावायचा. ‘ताप, डेंग्यू किंवा मलेरिया’ असे दोन पर्याय लिहिलेले असतील तर मात्र लक्षणाचा कोड, म्हणजे आर५०.९. डेंग्यू नाही हे ठरलं आणि तापाचं कारण कळलंच नाही तरी आर५०.९. डॉक्टरांनी ‘व्हायरल फिव्हर’ एवढंच लिहिलं असेल तर बी३४.९.

डेंग्यूसारखे दिसणारे दुसरेही येतात. चिकनगुनिया ए९२.०, हाही त्याच एडिस डासाचा. सांधे धरून, वाकून चालत येणारा रुग्ण शिपाईसुद्धा ओळखतो, तरी निदान डॉक्टरांचंच. मलेरियात नुसतं मलेरिया लिहू नका, स्लाइडवर काय सापडलं ते बघा: फाल्सिपेरम बी५०, व्हायव्हॅक्स बी५१, आणि काहीच लिहिलं नसेल तरच बी५४. गडचिरोलीकडून आलेल्या फाइलीत हा फरक फार महत्त्वाचा. स्क्रब टायफस ए७५.३, तो डासाचा नाही, गवतातल्या चिगर या बारीक किड्याचा. आणि चांदीपुरा विषाणूचं नाव तुम्ही ऐकलं असेल, ते नागपूरजवळच्याच चांदीपुरा गावावरून पडलं. १९६५ मध्ये तिथल्या तापाच्या रुग्णांच्या रक्तात तो सापडला होता. तो वाळूमाशीमुळे पसरतो, त्यामुळे लहान मुलाच्या मेंदूज्वराच्या फाइलीवर डासांचा आजार म्हणून सरधोपट शेरा मारू नका.

पोर्टलवरच्या नोंदी

कोडिंग झालं म्हणजे कळवणं झालं असं नाही. एकात्मिक रोग सर्वेक्षणात तीन फॉर्म आहेत. गावपातळीवर आरोग्य सेवक-सेविका लक्षणांवरून भरतात तो एस, डॉक्टरांच्या निदानावरून भरायचा तो पी, प्रयोगशाळेच्या निकालाचा एल. पूर्वी हे आठवड्याचे आकडे कागदावर जायचे, आता आयएचआयपी या केंद्र सरकारच्या आरोग्य पोर्टलवर रोज भरायचे असतात. एकच रुग्ण आशाताईंमुळे एसमध्ये, आपल्यामुळे पीमध्ये आणि लॅबमुळे एलमध्ये दिसतो, ती दुबार नोंद नव्हे. पण नाव तिन्हीकडे तीन प्रकारे लिहिलं तर जुळवणाऱ्याची दमछाक होते. आधारवर जसं नाव आहे तसंच लिहा, मोबाइल नंबर रुग्णाचा स्वतःचा की शेजाऱ्याचा तेही विचारा. शेतातल्या खोपडीत राहणाऱ्या कुटुंबाचा नंबर बहुधा शेजाऱ्याचाच निघतो.

मृत्यू झाला तर

ही फाइल कधी ना कधी येतेच, म्हणून आधीच शिकून घ्या. रुग्णालयातल्या मृत्यूचं कारण नमुना ४ मध्ये लिहायचं असतं, आणि ते लिहितात डॉक्टर. आपलं काम वाचून कोड लावायचं. पहिल्या भागात अ ओळीवर प्रत्यक्ष मृत्यू कशाने आला ते, त्याखाली ते कशामुळे झालं, असं उतरत जायचं. ‘अ: हायपोव्होलेमिक शॉक, ब: सीव्हिअर डेंग्यू’ असं असेल तर मूळ कारण ब ओळीवरचं, म्हणजे ए९७.२. जुना मधुमेह असेल तर तो दुसऱ्या भागात जातो, पहिल्या साखळीत नाही. शेजारच्या रकान्यात कोणती गोष्ट किती वेळ होती तेही हवं.

अडचण येते ती ‘कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट’ने. हृदय आणि श्वास थांबले, हे प्रत्येक मृत्यूत होतं, त्याने कारण कळत नाही. अ ओळीवर नुसतं तेवढंच असेल तर डेंग्यूने गेलेला माणूस आकडेवारीत कुठेच दिसत नाही. असा नमुना आला की त्याच दिवशी परत न्या. आठ दिवसांनी नेला तर फाइल ऑडिटला गेलेली असते, ड्युटीवरचे डॉक्टर बदलून गेलेले असतात आणि नातेवाईक दाखल्यासाठी ग्रामपंचायतीच्या चकरा मारत असतात.

महिन्याच्या शेवटी मी एक काम करतो, तुम्हीही करून बघा. ए९७.९ टाकलेल्या सगळ्या फाइली एका टेबलावर काढायच्या. जितक्या निघतील तितक्या वेळा कुणीतरी प्रकार लिहायचा राहिलेला असतो. त्यांचा गठ्ठा बांधून डॉक्टरांच्या ओपीडीनंतर, चहाच्या वेळी न्यायचा. सकाळच्या रांगेत नेलात तर एकही सही मिळणार नाही.